‘मन्हा घरना पैसा बी आठेच शे’

‘माझ्या घरचा पैसाही इथेच आहे’ असं एका कलावंताने अहिराणीत सांगितलं. त्याच्या या सहा शब्दांवर विश्वास ठेवून मी शेळीपालनाच्या एका कंपनीला २,४०,००० रुपये दिले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून अकरा बायकांनी १३,२०,००० दिले. कंपनीचं आणि त्या कलावंताचं नाव मी इथे लिहीत नाही. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत ते आहे, पावत्या आणि व्हिडिओसकट. इथे सांगायची आहे ती पद्धत, कारण पाटी बदलून हेच लोक उद्या पारोळ्याला, चोपड्याला, शिरपूरला मंगल कार्यालय घेतील.

मी अमळनेरची. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तालुक्यातल्या चार-पाच गावांत मला अजून ‘बाई’ म्हणूनच ओळखतात. मी शिकवलेल्या मुली आता सासवा व्हायला आल्या, तरी बाजारात दिसल्या की डोक्यावर पदर घेऊन पाया पडतात. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तो कलावंत अहिराणीतला. त्याचे मोबाईलवरचे व्हिडिओ खान्देशात माहीत नाहीत असं घर सापडणं कठीण. सासू-सुनेचं कळण्याच्या भाकरीवरून भांडण, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेली लेक, एस.टी. चुकलेला म्हातारा, असे आपल्याच घरातले विषय. आमच्या यजमानांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हा चौदा महिने ते अंथरुणावर होते. त्या चौदा महिन्यांत त्यांना हसताना पाहिलं ते त्याचे व्हिडिओ लावल्यावरच. रात्री औषधं दिली की मी मोबाईल त्यांच्या छातीवर उभा धरायचे. ते गेले, पण त्या माणसाचा आवाज ऐकला की अजून मला आमची ती खोली आठवते. त्याचं माझ्यावर ऋण आहे असं मला वाटायचं. आणि ज्याचं ऋण वाटतं त्याला आपण ‘पैसे कुठे गुंतवलेस, पावती दाखव’ असं विचारत नाही.

एप्रिल २०२३, आखाजीला आठवडा बाकी. गावातल्या मंगल कार्यालयात ‘शेळीपालन मेळावा’ ठेवला होता. चारशे खुर्च्या, कूलर, प्रत्येकाला मठ्ठा. आधी कंपनीचा माणूस बोलला. त्याने सुरुवात कशी केली ते ऐका. तो म्हणाला, १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन जपून ठेवले त्यांच्या पोरांनी बंगले बांधले, आणि ज्यांनी विकून टाकले ते आजही हळहळतात. ही गोष्ट खरी आहे. अमळनेरात प्रत्येक गल्लीत ती सांगितली जाते, आणि ‘आपल्या बापाने तेव्हा घेतले असते तर’ ही सल इथल्या कित्येक घरांत आहे. त्या माणसाने बरोबर त्या सलीवर बोट ठेवलं. नोंदणी झालेल्या कंपनीचा शेअर कुठे आणि त्यांची छापील पावती कुठे, हा फरक त्या क्षणी सभागृहात कुणाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

मग तो आला. आधी गाणं म्हटलं, बायकांना हसवलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडला, माझ्याही पडला, कारण कुणीतरी त्याच्या कानात ‘या बाई शेतस’ असं सांगितलं होतं. नंतर माईक तोंडाजवळ घेऊन आवाज खाली आणला. व्हिडिओत शेवटी रडवायचा प्रसंग असला की तो जसा आवाज लावतो, अगदी तसा. आणि म्हणाला, ‘मन्हा घरना पैसा बी आठेच शे.’

माझ्या शेजारी बसलेली म्हणाली, ‘आपला मानूस शे, खोटं बोलाव नई.’ मीही मान हलवली.

योजना अशी होती. १,२०,००० रुपयांचं एक युनिट, म्हणजे दहा शेळ्या आणि एक बोकड. शेळ्या घरी नेऊन पाळा, पिल्लं कंपनी ठरलेल्या भावाने परत घेईल. ज्यांच्याकडे गोठा नाही त्यांनी शेळ्या कंपनीच्याच शेडमध्ये ठेवायच्या. त्यांना दर महिन्याला ९,००० रुपये, सलग २४ महिने. अर्थात सभागृहातल्या जवळजवळ सगळ्यांनी दुसरा मार्ग घेतला. कंपनीला हवा होता तोही हाच. त्यांना शेळ्या कुणाला द्यायच्याच नव्हत्या.

मी दोन युनिटं घेतली. निवृत्तीचे पैसे पोस्टातून काढले. पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत वर्षाला ८.२ टक्के मिळत होते. १,२०,००० वर महिन्याला ९,००० म्हणजे महिन्याला साडेसात टक्के, वर्षाला नव्वद. हे गणित मी चौथीच्या मुलांना फळ्यावर घालत आले. त्या दिवशी स्वतःसाठी ते मांडायचं मला सुचलं नाही.

मेमध्ये पहिले १८,००० खात्यात जमा झाले. मी पासबुक भरून आणलं आणि बचत गटाच्या बैठकीत दाखवलं. कुणी विचारलं नव्हतं, मी आपणहून दाखवलं. जूनमध्ये अकरा जणींनी एकेक युनिट घेतलं. एकीने मंगळसूत्राची पोत मोडली. एकीच्या नवऱ्याने कापसासाठी काढलेलं पीककर्ज तिकडे वळवलं. एका विद्यार्थिनीने लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे दिले. ती रक्कम भरायला मी तिच्यासोबत बँकेत गेले होते, फॉर्म मीच भरून दिला.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जातंय ते. कंपनीने मला प्रत्येक युनिटमागे ३,००० रुपये दिले, ‘मार्गदर्शन मानधन’ म्हणून. अकरा युनिटांचे ३३,०००. मी ते घेतले आणि त्या अकरा जणींपैकी एकीलाही सांगितलं नाही. माझ्या मनाला ते गैर वाटलंच नाही. गटासाठी धावपळ केली, रिक्षाला पैसे गेले, त्याचं आहे असं वाटलं.

हप्ते सप्टेंबरपर्यंत आले. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला सांगितलं की बँकेत अडचण आहे. दिवाळीला सांगितलं की शेळ्यांमध्ये रोग आलाय. त्यानंतर फोन बंद. माझे ९०,००० परत आले होते, १,५०,००० गेले. बाकीच्या उशिरा आल्या म्हणून त्यांना तीन-तीनच हप्ते मिळाले.

मार्गशीर्षात आम्ही चौघी जणी जीप करून शेडवर गेलो. पत्र्याचं शेड होतं, कुलूप होतं. आत पन्नास-साठ शेळ्या असतील. सोबत आमच्या गल्लीच्या मागे राहणारे एक काका आले होते. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यांनी जाळीतून आत बघितलं आणि मला एकच विचारलं, ‘बाई, बकरी महिना महिनाले पैसा देस का कधी?’

परतताना जीपमध्ये त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. शेळी पाच महिने गाभण राहते. पिल्लू विकण्याजोगं व्हायला त्यानंतर निदान सहा-आठ महिने लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये घेतलेल्या शेळीचा पहिला पैसा पुढच्या वर्षीच्या एप्रिलच्या आसपास दिसणार. मग मला मे महिन्यात मिळालेले १८,००० कुठल्या शेळीचे होते? ते माझ्या मागून रांगेत उभ्या राहिलेल्यांचे होते. जूनमध्ये जे माझ्या हाती आलं, ते माझ्या विद्यार्थिनीच्या लेकीच्या प्रवेशाचे पैसे असू शकतील. हा विचार मनात आला आणि मी जीप थांबवायला सांगितली. उतरून रस्त्याच्या कडेला बसले.

आणि शेडचा हिशेब बघा. सभागृहातल्या चारशेपैकी निम्म्यांनी एकेक युनिट घेतलं असं धरलं तरी २,२०० जनावरं व्हायला हवीत. २,२०० जनावरांना रोजचा चारा किती, पाणी किती, राखायला माणसं किती, लेंड्यांचे ढीग कुठे? शेडच्या मागे एक ट्रॉलीभर खतही नव्हतं. हे आधी बघायला जायला अमळनेरहून तास लागला असता. योजना जनावरांची असेल तर पैसे देण्याआधी जनावरं मोजून या, आणि सोबत जनावरं पाळणारा माणूस न्या. शिकलेला माणूस नेऊन उपयोग नाही. शिकलेली तर मीही होते.

जानेवारीत मी त्या कलावंताला फोन लावला. त्याआधी मला एक वेडी आशा होती, की मेळाव्याचा तो व्हिडिओच खोटा असेल. त्याच महिन्यात सचिन तेंडुलकर यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की त्यांचा चेहरा आणि आवाज बनावटपणे वापरून एका गेमची जाहिरात फिरतेय, तिच्यावर विश्वास ठेवू नका. पण मी तर त्याला समोर पाहिलं होतं, त्याने माझ्या पायांना हात लावला होता. बनावट काही नव्हतं.

फोन चौथ्या दिवशी उचलला. मी ओळख दिली. तो अदबीने बोलला, ‘बाई’ म्हणाला. मी विचारलं, ‘तुझ्या घरचे किती पैसे होते त्यात?’ तो गप्प. पुन्हा विचारलं. मग म्हणाला, ‘बाई, ते कंपनीनं लिहून दिलेलं होतं. मी कलाकार शे. मी कार्यक्रमाचं मानधन घेतलं, बस.’ मी म्हटलं, ‘तू सासऱ्याचं काम करतोस तेव्हा लोकांना माहीत असतं की तू कुणाचा खराखुरा सासरा नाहीस. तिथे तू काम करतोयस हे आम्हाला कुणी सांगितलं?’ त्यावर तो म्हणाला, ‘लोकांनी आपलं बघून घ्यायला पाहिजे.’ आणि मग जरा थांबून, हलक्या आवाजात, ‘बाई, व्हिडिओला जितके लाख लोक बघतात तितके हजारही हातात येत नाहीत. घर चालवायचं कसं?’

ते त्याचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. आपल्या बोलीतले कलावंत कसे जगतात ते मला ठाऊक आहे. लग्नसराईतले चार महिने काम, पावसाळा कोरडा. त्याने साबणाची जाहिरात करावी, दुकानाच्या उद्घाटनाला जावं, त्याचे चांगले पैसे घ्यावेत. मी आनंदाने टाळ्या वाजवीन. पण त्याला त्या दिवशी जे पैसे मिळाले ते गाण्याचे नव्हते. गाणं तो कुठेही म्हणतो. कंपनीने विकत घेतला तो चौदा महिने माझ्या घरात जमा झालेला विश्वास. अशा हजारो घरांत जमा झालेला. तो त्याच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता, तर त्याने विकला कसा? फोननंतर दोन दिवसांनी त्याने मेळाव्याचा व्हिडिओ काढून टाकला. माझ्या भाचीने तो आधीच उतरवून ठेवला होता, म्हणून आज तो पुराव्यात आहे.

वकील मॅडमनी जे समजावलं ते इथे देते, कारण हे मला पन्नाशी-साठीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ‘मी फक्त जाहिरात केली’ हे म्हणणं आता कायद्यात टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २१ आहे. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण माल तयार करणाऱ्याप्रमाणेच तिची भलामण करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. वर एक वर्षापर्यंत कुठलीही जाहिरात करायला बंदी, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत. सुटका एकाच गोष्टीने होते: जाहिरातीतला दावा खरा आहे का याची आपण रीतसर खातरजमा केली होती, हे त्या व्यक्तीने दाखवलं तर. जून २०२२ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे भलामण करणाऱ्याचं मत खरोखर त्याचं स्वतःचं असावं लागतं, वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा लागतो, आणि कंपनीशी पैशाचे संबंध असतील तर ते उघड सांगावे लागतात. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला प्रसिद्ध व्यक्ती आणि समाजमाध्यमांवरची मंडळी तितकीच जबाबदार आहेत.

ठेवींसाठी वेगळे कायदे आहेत. परवानगी नसताना लोकांकडून ठेवी गोळा करणं आणि तशी जाहिरात करणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने गुन्हा आहे, मग त्या ठेवीला शेळी म्हणा की झाड म्हणा. आपल्या राज्यात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली अशा लोकांची मालमत्ता जप्त करता येते. आमची तक्रार त्याच वाटेने चालली आहे. जाहिरातीबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. कुणी ठेव मागत असेल तर त्याला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर बघता येतं आणि तिथे तक्रारही नोंदवता येते.

मॅडम म्हणाल्या, हे नवीन नाही. २०१२ मध्ये तमिळनाडूत इरोड जिल्ह्यात इमू पक्ष्यांच्या नावाने असंच झालं होतं आणि त्या जाहिरातींत सिनेमातले नट होते. २०१९ मध्ये आपल्याकडे सांगली भागात कडकनाथ कोंबड्यांवरून शेतकरी बुडाले. इमू, कोंबडी, शेळी, प्राणी बदलतो. मला या दोन्ही गोष्टी वर्तमानपत्रात वाचल्याचं आठवतं. वाचून मी ‘लोक किती भोळे असतात’ असंही म्हटलं होतं.

आमच्या गावात मोठ्या नावाचं माप एकच, साने गुरुजी. १९२४ ते १९३० ते इथल्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. सारा महाराष्ट्र तोवर त्यांना ओळखत होता. त्यांनी लोकांना देऊळ उघडा म्हटलं तेव्हा स्वतःचा जीव पणाला लावला होता, आणि लावला होता हे सगळ्यांना दिसत होतं. कुणाला वाटेल, शेळीच्या योजनेत गुरुजींना कशाला आणता. पण ‘मन्हा घरना पैसा बी आठेच शे’ या वाक्याला आम्ही भुललो ते याच सवयीने. आपलं स्वतःचं पणाला लावून बोलणारा माणूस खरा, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्या कलावंताने नेमकं तेच वाक्य म्हटलं आणि आत काही नव्हतं. उलट उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, तेव्हा शीतपेयाची जाहिरात चालून आली. आपण जे पीत नाही ते लोकांना प्या कसं सांगायचं, म्हणून त्यांनी ती नाकारली.

आणि मी? त्याला लाखो लोक ओळखतात, मला चार-पाच गावं. त्याने मानधन घेतलं, मी ३३,००० घेतले. त्याने सांगितलं नाही, मीही नाही. माझे स्वतःचे पैसे खरोखर आत होते एवढाच फरक, आणि त्या बायकांना त्याचा काही उपयोग झाला नाही. बैठकीत उभी राहून मी हे सांगितलं तेव्हा कुणी रागावलं नाही. पोत मोडलेली एवढंच म्हणाली, ‘तुम्ही सांगं म्हनीसन दिधा, बाई.’ त्या एका वाक्याने मी रात्रभर झोपले नाही.

निवृत्तिवेतनातून दर महिन्याला एकेकीचे ३,००० मी परत करत आले. शेवटची पाळी त्या विद्यार्थिनीची होती, जिच्या लेकीचा प्रवेश त्या वर्षी हुकला. लेक आता एका कापडाच्या दुकानात काम करते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरणार आहे. विद्यार्थिनीने पैसे हातात घेतलेच नाहीत, ‘ऱ्हाऊ द्या, बाई’ म्हणत राहिली. मी ते लेकीच्या नावाने पोस्टात भरले आणि पुस्तक तिच्या देव्हाऱ्यात ठेवून आले.

तक्रारीत आम्ही सध्या एकोणचाळीस जण आहोत. धुळे, पारोळा, चोपडा या भागांत असेच मेळावे झाले होते, तिथल्या लोकांनीही पुढे यावं. पावती, बँकेची नोंद, निमंत्रणपत्रिका, मेळाव्यातला फोटो, जे असेल ते जपा. स्टेजवर कोण काय बोललं याचा व्हिडिओ कुणाच्या मोबाईलमध्ये असेल तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण ते लोक काढून टाकतात. आणि माझ्यासारखं कुणी ‘मानधन’ घेतलं असेल तर तेही तक्रारीत लिहा. मी लिहिलं आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मग म्हणाले, ‘इथे सही करा, बाई.’